निरीक्षणाचा तास आणि ऑफ तास : इंग्रजीच्या एका छात्राध्यापिकेचं प्रकरण

बी.एड.च्या आंतरवासितेत, म्हणजे शाळेत राहून सराव करायच्या काळात, छात्राध्यापकांना रोजनिशी ठेवावी लागते. आमच्याकडच्या छापील नमुन्यात तिचे दोन भाग आहेत : 'अध्यापन कार्य' आणि 'इतर शालेय कार्य'. पहिल्यात घेतलेला पाठ, घटक, इयत्ता आणि निरीक्षकाची सही. दुसऱ्यात परिपाठ, हजेरी, पोषण आहाराचं वाटप, स्नेहसंमेलनाची तयारी, ऑफ तास. हे प्रकरण ज्या छात्राध्यापिकेचं आहे, तिने अख्ख्या आंतरवासितेतला आपला सगळ्यात चांगला तास या दुसऱ्या भागात, खिचडी वाटप आणि उंची-वजनाच्या नोंदींच्या मधे, दीड ओळीत लिहून टाकला होता : 'सहावा तास, आठवी ब, ऑफ. वर्ग सांभाळला. थोडा गोंधळ झाला.'

तिच्या लेखी ते शिकवणं नव्हतंच. असं तिला का वाटलं, त्याचा हा शोध. उद्या भाषा शिकवायला उभी राहणारी व्यक्ती कोणत्या तासाला स्वतःला 'शिक्षिका' समजते आणि कोणत्या तासाला समजत नाही, हे आम्ही मेथडवाले, म्हणजे विषय कसा शिकवावा हे शिकवणारे, क्वचितच विचारतो. पाठ कसा झाला एवढंच विचारतो.

प्रकरण एकीचं आहे, एकीवरून सगळ्यांबद्दल बोलता येत नाही, हे मान्य. पण खानदेशात, आणि माझ्या अंदाजाने वऱ्हाडात नि कोकणातही, अध्यापक महाविद्यालयात भाषेची मेथड शिकवणाऱ्याला ही मुलगी ओळखीची वाटेल. तिची रोजनिशी, पाठ टाचणं, निरीक्षकांचे शेरे आणि तिच्याशी नि शाळेतल्या मार्गदर्शक शिक्षकांशी झालेली बोलणी यांवर हे लिखाण आधारलेलं आहे. तिच्या संमतीने लिहिलंय. नाव, गाव, शाळा गाळली आहे.

ती

धुळे जिल्ह्यातलं गाव. घरी अहिराणी. चौथीपर्यंत जिल्हा परिषदेची शाळा, पुढे गावातलीच अनुदानित माध्यमिक शाळा, मग तालुक्याच्या कॉलेजात स्पेशल इंग्रजी घेऊन बी.ए. महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं २००० साली. ती शाळेत गेली त्याच्या बरीच नंतर, त्यामुळे बाराखडी आणि एबीसीडी दोन्ही तिच्या वाट्याला एकाच वर्षी आल्या. तरी आपणहून इंग्रजीतलं पहिलं सलग वाक्य ती बोलली ते बी.ए.च्या तोंडी परीक्षेत. मधल्या वर्षांत इंग्रजी म्हणजे धड्यातल्या शब्दांवर पेन्सिलीने लिहिलेले मराठी अर्थ.

बी.एड.च्या सीईटीबरोबर ईएलसीटी नावाची इंग्रजीची वेगळी परीक्षा असते. ज्यांना इंग्रजी माध्यमाच्या बी.एड. कॉलेजात जायचं असतं त्यांनाच ती लागते. तिने ती दिली नाही. का, विचारलं तर म्हणाली, "आपला काय संबंध, सर?" मग मराठी माध्यमाच्या कॉलेजात इंग्रजी आणि मराठी अशा दोन मेथड घेऊन ती आली. इंग्रजी का, तर "इंग्रजीला जागा निघतात." मराठी का, तर आवडते म्हणून.

इंग्रजी कसं शिकवावं हे मराठीतून शिकायचं, ही आपल्याकडची नेहमीची व्यवस्था आहे आणि मला त्यात वावगं काही वाटत नाही. तिला वाटत होतं. तिच्या बोलण्यात इंग्रजीचे शिक्षक दोन जातींचे असत : 'इंग्लिश मीडियमवाले' आणि 'आपण'. पहिले इंग्रजी शिकवतात, दुसरे इंग्रजीचा पोर्शन पूर्ण करतात.

भरतीच्या परीक्षांनीही तिच्यातल्या भाषाशिक्षिकेला फारशी जागा दिली नाही. टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा; सहावी ते आठवीसाठीचा तिचा दुसरा पेपर १५० गुणांचा. त्यात बालमानसशास्त्राला ३०, पहिल्या भाषेला ३०, दुसऱ्या भाषेला ३०, आणि उरलेले ६० गुण एक तर गणित-विज्ञानाचे, नाही तर सामाजिक शास्त्रांचे. भाषेच्या शिक्षकासाठी तिसरा विभागच नाही. इंग्रजी शिकवू पाहणारी ही मुलगी रात्री जागून मराठ्यांचा इतिहास आणि नद्यांची खोरी पाठ करत होती. पुढची टेट, म्हणजे शिक्षक भरतीची अभियोग्यता चाचणी, २०० गुणांची, १२० अभियोग्यतेचे आणि ८० बुद्धिमत्तेचे. ती पार पडून शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवर नाव लागलंच तर आधी तीन वर्षं शिक्षण सेवक. माध्यमिकच्या शिक्षण सेवकाचं मानधन २०२३ साली आठ हजारांवरून अठरा हजारांवर आलं. होस्टेलवर मुली एकमेकींना 'तुझा पाठ कसा झाला' हे विचारतातच, पण त्याआधी विचारतात ते 'टीईटी निघाली का?'

आठवी ब

एनसीटीई या राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या निकषांनी बी.एड. दोन वर्षांचं झालं आणि शाळेतला काळ वीस आठवड्यांवर गेला : पहिल्या वर्षी चार, दुसऱ्या वर्षी सोळा. पूर्वीच्या सरावपाठांच्या तुलनेत हा मोठा बदल. छात्राध्यापक आता पाहुण्यासारखा येऊन पाठ देऊन निघून जात नाही, शाळेत राहतो. निदान कागदावर तरी.

तिच्या वाट्याला आली ती आणखी एका गावातली मराठी माध्यमाची माध्यमिक शाळा. आठवी ब, पन्नाशीच्या घरातला पट. बहुतेक मुलांच्या घरी अहिराणी. मागच्या दोन बाकांवर पावरा या आदिवासी समाजाच्या कुटुंबांतली मुलं, त्यांच्या घरी पावरी. त्यांनी अहिराणी गल्लीत शिकलेली, मराठी शाळेत, हिंदी आणि इंग्रजी पुस्तकात. २०११ च्या जनगणनेत खानदेशी (अहिराणी तिच्यातच मोजली जाते) ही स्वतंत्र भाषा म्हणून नोंदलेली आहे आणि तिच्या भाषकांची संख्या अठरा लाखांवर आहे. शाळेच्या व्हरांड्यात मात्र तिला 'गावंढळ बोलणं' असंच म्हणतात.

मार्गदर्शक शिक्षक निवृत्तीला आलेले, स्वभावाने चांगले. ते वाक्य वाचतात, मराठीत अर्थ सांगतात, मुलं अर्थ लिहून घेतात, प्रश्नोत्तरं फळ्यावरून उतरवतात. या पद्धतीने त्यांच्या हाताखालून कितीतरी मुलं दहावी पास झाली आहेत, त्यामुळे त्यांना नावं ठेवणं सोपं असलं तरी ते न्याय्य नाही. पहिल्याच आठवड्यात त्यांनी तिला जे सांगितलं ते मला पुढे फार महत्त्वाचं वाटलं : "तुम्ही तुमचं कॉलेजचं करून घ्या मॅडम. अर्थ मी नंतर सांगून घेतो."

म्हणजे तिचा पाठ हा 'कॉलेजचं' काम, खरं शिकवणं नंतर. यात टोमणा नव्हता, त्यांनी तिची सोयच पाहिली होती. तिलाही ते खटकलं नाही.

तिचा निरीक्षणाचा एक तास मी मागच्या बाकावर बसून पाहिला. घटक चालू वर्तमानकाळ. गुंडाळफळ्यावर बाजाराचं चित्र, रंगीत खडूंनी मेहनतीने काढलेलं. टाचण निर्दोष : पूर्वज्ञान, हेतुकथन, विषयविवेचन, मूल्यमापन, गृहपाठ, सगळे रकाने भरलेले. पस्तीस मिनिटांत तिच्या तोंडून एक मराठी शब्द निघाला नाही.

"व्हॉट इज धिस मॅन डुइंग?"

शांतता. मग पहिल्या बाकावरचा एक मुलगा : "सेलिंग."

"फुल सेंटेन्स, प्लीज."

मुलगा उभा राहिला आणि उभाच राहिला. शेवटी तिनेच म्हटलं, "ही इज सेलिंग मँगोज. एव्हरीबडी, रिपीट." वर्गाने खड्या आवाजात म्हटलं. असं पाच-सहा चित्रांचं झालं. प्रत्येक उत्तर तिचं, प्रत्येक आवाज वर्गाचा. मधे एकदा तिने घड्याळाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मुलांकडे बघत होती ती बहुधा कोण हसतंय हे तपासायला.

त्या दिवशीच्या रोजनिशीत 'अध्यापन कार्य'खाली लिहिलंय : 'आज एकही मराठी शब्द वापरला नाही. पाठ यशस्वी.' आणि दोन ओळी सोडून : 'मुले बोलली नाहीत.' ही दोन वाक्यं तिने एकमेकांशी जोडलेली नव्हती.

मराठी शब्दाची ही धास्ती तिने हवेतून आणलेली नव्हती. आधीच्या एका पाठात तिने 'नाऊ' आणि 'एव्हरी डे' यांतला फरक दोन मराठी वाक्यांत सांगितला होता आणि दुसऱ्या निरीक्षकांनी तांबड्या शाईत शेरा दिला होता : 'मातृभाषेचा वापर टाळावा.' त्या वर्गात मराठी मातृभाषा असलेलं मूल एखाददुसरंच असेल, ही गोष्ट शेरा लिहिताना कुणाच्या डोक्यात येत नाही. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने वर्गातली बहुभाषिकता हे शिकवण्याचं साधन मानलं, २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही घरच्या भाषेला मान दिला. आम्ही हे दोन्ही दस्तऐवज पहिल्या सत्रात शिकवतो, परीक्षेत त्यावर टिपा विचारतो आणि आंतरवासितेत निरीक्षण तक्ता हातात धरला की विसरतो.

सहावा तास

भूगोलाचे सर बीएलओच्या, म्हणजे मतदार याद्यांच्या, कामाला गेलेले. हे गावाकडच्या शाळेत नित्याचं आहे, आणि असा रिकामा तास आंतरवासितेतल्या पोरांच्या गळ्यात घालणं त्याहून नित्याचं. ती हजेरीपट घेऊन वर्गात गेली. टाचण नाही, चित्र नाही, मागच्या बाकावर कुणी नाही. पुढचं जे काही झालं ते तिने मला नंतर सांगितलं, थोडं वर्गातल्या मुलांकडून कळलं.

खिडकीतला मुलगा बाहेर चाललेला ट्रॅक्टर बघत होता. तिच्या तोंडून निघून गेलं, "काय देखी ऱ्हायना रे?"

वर्ग एक क्षण गप्प, मग हशा. इंग्रजीच्या मॅडम अहिराणी बोलल्या! मुलगा उभा राहून म्हणाला, "ट्रॅक्टर देखी ऱ्हायनू, मॅडम."

इथे दुसरी कुणी असती तर ओशाळून 'सायलेन्स' म्हणाली असती. हिने खडू उचलला. फळ्यावर दोन वाक्यं लिहिली, देवनागरीत, अहिराणीत :

मी रोज शायामा जास.
मी आते शायामा जाई ऱ्हायनू.

आणि विचारलं, या दोघांत फरक काय? मुलांनी तो पुस्तकापेक्षा चांगला सांगितला. पहिलं नेहमीचं, सवयीचं. दुसरं आत्ता, या घडीला, रस्त्यात असताना. एकीने तर म्हटलं, पहिलं वाक्य घरात बसूनही म्हणता येतं, दुसरं चालता चालताच म्हणायचं. मग तिने शेजारी 'आय गो टू स्कूल एव्हरी डे' आणि 'आय अ‍ॅम गोइंग टू स्कूल नाऊ' लिहिलं आणि 'ऱ्हायनू'खालून 'अ‍ॅम' आणि 'आयएनजी'पर्यंत बाण काढला.

त्यानंतर वर्ग तिच्या हातात राहिला नाही. माय मदर इज मेकिंग भाकर. माय ब्रदर इज गिव्हिंग वॉटर टू कापूस. मागच्या बाकावरचा पावरा मुलगा, ज्याने निरीक्षणाच्या एकाही तासाला तोंड उघडलं नव्हतं, तो म्हणाला, "ट्रॅक्टर इज गोइंग, आय अ‍ॅम सिटिंग." मुख्याध्यापकांवरही एक वाक्य झालं, ते इथे देत नाही. शेजारच्या वर्गातून बाई बघायला आल्या की इथे कुणी आहे का नाही.

तास संपता संपता एका मुलीने हात वर केला. "मॅडम, मी जास, तू जास, तो जास. समद्यासले 'जास'च. मंग 'आय गोज' का नही?"

तिला उत्तर देता आलं नाही. घंटा झाली.

'तो तास नव्हता, सर'

मला हे कळलं ते मार्गदर्शक शिक्षकांकडून. तेही अर्धवट तक्रारीच्या सुरात : मुलं मैदानावर एकमेकांना 'यू आर फॉलिंग, यू आर फॉलिंग' म्हणून ढकलताहेत, काय शिकवलं मॅडमनी कोण जाणे. रोजनिशी उघडली तर दीड ओळ. मी विचारलं, हे इथे का लिहिलंस? पाठ म्हणून का नाही?

"तो तास नव्हता, सर. टाचण नव्हतं, साहित्य नव्हतं. मी अहिराणीत बोलले. शेवटी त्या मुलीने विचारलं ते मला आलंही नाही."

"मुलं बोलली ना?"

"बोलली. पण..." ती थांबली. "पण त्यांनी मला ओळखलं ना सर. मी त्यांच्यातलीच आहे हे कळलं त्यांना. इंग्रजीची मॅडम अशी नसते."

कशी असते, हे मी विचारलं तेव्हा तिने जे वर्णन केलं त्यात दोन माणसं होती. एक, तिच्या बी.ए.च्या कॉलेजातले प्राध्यापक : शहरातून येणारे, कधीही मराठी न बोलणारे, ज्यांच्या तासाला तिला निम्मं कळत नसे आणि तरी ज्यांच्याबद्दल तिला आजही आदर आहे. दुसरे, तिच्या शाळेतले सर, अर्थ सांगणारे. पहिल्यांसारखं तिला होता येत नाही. दुसऱ्यांसारखं व्हायचं नाही, कारण बी.एड.ने तिला शिकवलंय की ती जुनी पद्धत. या दोघांच्या मधे तिसरं कुणी तिने कधी पाहिलेलंच नव्हतं. डॅन लॉर्टी या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये हेच मांडलं होतं : शिक्षक होणारा माणूस विद्यार्थी म्हणून बाकावर बसल्या बसल्या हजारो तास शिक्षकांना पाहत आलेला असतो, आणि शिक्षक म्हणजे काय हे तो तिथेच ठरवून टाकतो, प्रशिक्षण त्यावर वरवरचा रंग देतं. भाषेच्या शिक्षकाच्या बाबतीत यात एक गोष्ट वाढते. गणिताच्या मास्तराला कुणी विचारत नाही की तुमच्या घरी गणित बोलतात का. इंग्रजीवालीला हा प्रश्न कुणी तोंडावर विचारत नसलं तरी ती तो स्वतःला रोज विचारते.

गावात हे आणखी घट्ट होतं. बी.ए.ला इंग्रजी घेतल्यापासून शेजारपाजारचे लोक तिच्याकडे बँकेचं पत्र, विम्याचा कागद, औषधाच्या खोक्यावरचा मजकूर घेऊन येतात. 'इंग्रजीवाली पोर' म्हणून मान आहे, आणि एखादा शब्द अडला की "मग काय शिकली?" हेही आहे. त्यामुळे न येणारं इंग्रजी तिला नुसतं न येणारं वाटत नाही, चोरी पकडली गेल्यासारखं वाटतं. 'आय गोज का नाही' या प्रश्नाने ती हादरली ती म्हणून. तिच्या आठवड्याच्या चिंतनात एक वाक्य आहे : 'विद्यार्थिनीच्या शंकेचे निरसन करता आले नाही, विषयज्ञान कमी पडते.' माझ्या मते आठवीतल्या मुलीने दोन भाषांची क्रियापदं शेजारी ठेवून असा प्रश्न विचारावा, यापेक्षा चांगली गोष्ट भाषेच्या वर्गात क्वचित घडते. पण हे मत माझं. मला नोकरी आहे आणि माझा तास कुणी तपासत नाही.

फ्रान्सिस फुलर या अमेरिकी शैक्षणिक मानसशास्त्रज्ञांनी छात्रशिक्षकांच्या काळज्यांचे टप्पे मांडले, आमच्याकडे ते पाठ करून घेतले जातात : आधी स्वतःची काळजी, मग कामाची, शेवटी मुलांची. हिची रोजनिशी शेजारी ठेवली तर ही शिडी काही जुळत नाही. निरीक्षणाच्या तासांच्या नोंदींत शेवटपर्यंत 'मी'च आहे : माझा आवाज, माझा उच्चार, माझं फलकलेखन, माझा वेळ. त्याच आठवड्यांतल्या 'इतर कार्या'त मुलं नावानिशी येतात : कोण उपाशी आला, कोण कापूस वेचायला गेला म्हणून गैरहजर, कुणाला 'आर' आणि 'वाय' एकसारखे दिसतात. म्हणजे तिसऱ्या टप्प्यावर ती पोचलेली होतीच, फक्त कुणी बघायला आलं की पहिल्यावर उतरायची.

मराठीच्या तासाला

आता या प्रकरणातला मला सगळ्यात अवघड वाटणारा भाग. तिची दुसरी मेथड मराठी. याच आठवी ब वर ती मराठीचेही पाठ घेत होती, आणि तिथली तिची रोजनिशी वाचताना वाटतं की ही कुणी वेगळीच बाई आहे. ठाम, मोकळी, विनोद करणारी. 'आज मनासारखे शिकवले' असं ती फक्त मराठीच्या पाठांखाली लिहिते.

आणि याच तासांना ती अहिराणीला दारात उभं करत नाही. मुलांच्या निबंधाच्या वह्या मी चाळल्या. 'शाया'वर तांबडी रेघ, वर 'शाळा'. 'माले'वर रेघ, 'मला'. 'घरमा'वर रेघ, 'घरात'. एका वहीत तर शेरा : 'बोलीभाषेत लिहू नये. प्रमाणभाषेचा सराव करणे.' ज्या मुलीच्या वहीत हा शेरा होता, ती तीच. 'आय गोज'वाली.

विचारल्यावर तिचं उत्तर तयार होतं आणि ते पोकळ नव्हतं. "सर, मला कुणी नाही सांगितलं. अकरावीत तालुक्याला गेले तेव्हा 'आली ऱ्हायनी' म्हटलं म्हणून वर्गभर हसले. प्रमाण मराठी मी एकटीने, पेपर वाचून वाचून शिकले. या मुलांवर हसू नये कुणी."

तिची शिक्षिका म्हणून ओळख इथे कुठून आली ते दिसतं. प्रमाण मराठी तिने कष्टाने मिळवलेली आहे, तिथे तिला अधिकार वाटतो, आणि तो अधिकार चुका दुरुस्त करण्यात दिसतो. इंग्रजी अजून मिळालेलं नाही असं तिला वाटतं, म्हणून तिथे तिला अधिकार वाटत नाही. आणि नेमकं तिथेच, पहारा नसताना, ती मुलांच्या भाषेला हात लावून पुढे गेली. अधिकार वाटत नाही म्हणून ती मोकळी झाली का? मला तसं वाटतं. पण तिला हे पटलेलं नाही, आणि मराठीत शुद्धलेखन तपासणं म्हणजे बोलीचा अपमान असं सरसकट म्हणायला मीही तयार नाही. दहावीच्या पेपरात 'शाया' लिहून गुण मिळत नाहीत हे तिला माझ्याइतकंच माहीत आहे. माझी हरकत एवढीच होती की 'शाळा' शिकवायला 'शाया'वर रेघ मारावीच लागते का. दोन्ही शेजारी लिहून चालत नाही का, इंग्रजीच्या तासाला चाललं तसं. बहिणाबाईंची कविता शिकवताना आपण तेच करतो, आणि त्या कवितेचं कौतुकही करतो.

सहकाऱ्यांचं म्हणणं

हे प्रकरण मी विभागात मांडलं तेव्हा एका ज्येष्ठ सहकारी बाईंनी स्पष्ट विरोध केला. त्यांचा मुद्दा असा : गावातल्या मुलाच्या कानावर इंग्रजी दिवसातून पस्तीस मिनिटं पडतं, तेवढंच. त्यातही अहिराणी आणलीत तर उरतं काय? शिवाय आज हिने केलं ते बुद्धीने केलं; उद्या सवलत दिली की बाकीचे त्याचं भाषांतर करून टाकतील, आणि आपण पुन्हा पेन्सिलीच्या अर्थांवर येऊ.

मुद्दा वजनदार आहे. तुलना फसवीही ठरू शकते : अहिराणीत 'ऱ्हायनू' लागतं तिथे इंग्रजीत 'आयएनजी' लागतंच असं नाही, आणि 'आय अ‍ॅम नोइंग' हा आपला जुना आजार त्यातून बळावू शकतो. पण त्या ऑफ तासाला इंग्रजी वाक्यं मुलांच्या तोंडून निघाली, निरीक्षणाच्या तासाला मास्तरणीच्या. पस्तीस मिनिटं इंग्रजी कानावर पडणं आणि एकच वाक्य स्वतः जुळवणं यांत मी दुसऱ्याला जास्त किंमत देईन. बाई देणार नाहीत. आमचा वाद अजून मिटलेला नाही.

पुढचं

मी तिला सांगितलं की त्या ऑफ तासाचं टाचण आता लिहून काढ, झाल्यानंतर. आधी ती हसली, मग लिहिलं. हेतू, अपेक्षित वर्तनबदल, अध्यापन कृती, सगळं त्याच रकान्यांत बसलं, आणि ते बसतंय हे पाहून तिलाच आश्चर्य वाटलं. 'आय गोज'चं उत्तर तिने शोधलं आणि वर्गात जाऊन फळ्यावर तीन रांगांत मांडलं : अहिराणीत जास, जास, जास; मराठीत जातो, जातोस, जातो; इंग्रजीत गो, गो, गोज. अहिराणी सगळ्यांना एकाच मापाने मोजते, इंग्रजी फक्त तिसऱ्यालाच शेपूट लावते, असं तिने मुलांना सांगितलं. हा तास तिने 'अध्यापन कार्य'त नोंदवला, निरीक्षकाच्या सहीची जागा मोकळी ठेवून.

अंतिम पाठ परीक्षेत मात्र तिने धोका पत्करला नाही. बाहेरचे परीक्षक येणार, गुण त्यांच्या हातात, मार्कलिस्ट पुढे कुठे कुठे लागते. तिने पूर्ण पाठ इंग्रजीतून घेतला. एवढंच केलं की मधे दोन मिनिटं मुलांना जोडीने, वाटेल त्या भाषेत बोलायला दिलं आणि मग इंग्रजी वाक्य मागितलं. त्या दोन मिनिटांत वर्गात काय भाषा चालली होती ते परीक्षकांना कळलं नसावं किंवा त्यांनी कानाआड केलं असावं. मी तिला दोष देत नाही. परीक्षेच्या दिवशी शहाणपणाने वागणं हाही या पेशाचा भाग आहे.

सध्या ती तासिका तत्त्वावर एका शाळेत शिकवते आणि टेटची तयारी करते. फोन केला होता तेव्हा म्हणाली की वर्गात तुलनेचा फळा करते, पण मुख्याध्यापक राउंडला आले की पुसते. इंग्रजीची शिक्षिका म्हणून ओळख करून देते का, असं विचारलं तर म्हणाली, "हो, आता देते. पण कुणी इंग्रजीतून पुढचं विचारलं की पोटात गोळा येतो."

अंतिम परीक्षेत तिला मराठीच्या पाठाला इंग्रजीपेक्षा जास्त गुण पडले. तिच्या मते ते बरोबरच होतं.